विक्रीकराविषयीचे गैरसमज आणि शेतकऱ्याचे नुकसान

खेड्यापाड्यांतून कराची गोष्ट निघाली की, "आम्हां शेतकऱ्यांना कसला कर?" असा उद्गार सहज ऐकावयास मिळतो. शेतीच्या उत्पन्नावर केंद्र सरकारचा आयकर नाही, जमीनमहसुलाची रक्कमही आता पूर्वीसारखी भारी वाटत नाही. तेव्हा कर हा व्यापाऱ्यांचा आणि नोकरदारांचा विषय, असा सर्वसाधारण समज झालेला आहे. हा समज खरा नाही. एवढेच नव्हे, तर त्याच्यापोटी जन्मलेल्या आणखी काही चुकीच्या कल्पनांमुळे शेतकऱ्याचे प्रत्यक्ष पैशाचे नुकसान होत असते. म्हणून विक्रीवरील कर म्हणजे काय, तो कोणाच्या खिशातून जातो आणि त्यासंबंधी कोणते गैरसमज दूर व्हावयास हवेत, याचा विचार येथे केला आहे.

विक्रीकराची वाटचाल

विक्रीवर कर बसविण्याची पद्धत आपल्याकडे फार जुनी नाही. नागपूर ही ज्याची राजधानी होती त्या मध्यप्रांत व वऱ्हाड प्रांताने 1938 मध्ये मोटारीच्या इंधनाच्या व वंगणाच्या विक्रीवर कर बसविला. पुढच्याच वर्षी मद्रास प्रांताने बहुतेक सर्व मालावर लागू होणारा सर्वसाधारण विक्रीकर आणला. मुंबई राज्यात 1959 चा विक्रीकर कायदा झाला व तोच महाराष्ट्रात पुढे अनेक वर्षे चालू राहिला. 1 एप्रिल 2005 पासून त्याची जागा मूल्यवर्धित कराने घेतली आणि 1 जुलै 2017 पासून देशभर वस्तू व सेवा कर, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेला 'जीएसटी', सुरू झाला. केंद्राचे उत्पादन शुल्क, सेवाकर, राज्याचा मूल्यवर्धित कर, प्रवेशकर, मुंबईची जकात असे अनेक कर त्यात विलीन झाले. डिझेल व पेट्रोल मात्र या कराच्या कक्षेबाहेर राहिले असून त्यांवर केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित कर हे दोन्ही आजही आकारले जातात. ट्रॅक्टरच्या टाकीत डिझेल भरणारा प्रत्येक शेतकरी हे दोन्ही कर देत असतो. ते किमतीतच मिसळलेले असल्यामुळे दिसत नाहीत, इतकेच.

गैरसमज पहिला : कर व्यापारी भरतो

कर सरकारी खजिन्यात जमा करण्याचे काम व्यापाऱ्याचे आहे, हे खरे. परंतु जमा करणारा एक आणि सोसणारा दुसरा, हे या कराचे मुख्य लक्षण होय. एक उदाहरण घेऊ. ठिबक सिंचनाच्या साहित्यावर सध्या 5 टक्के कर आहे. समजा, कारखानदाराने 10,000 रुपयांचे साहित्य विक्रेत्याला विकले. त्यावर 500 रुपये कर लावून त्याने तो सरकारजमा केला. विक्रेत्याने तेच साहित्य शेतकऱ्याला 12,000 रुपयांस विकले व त्यावर 600 रुपये कर घेतला. या 600 रुपयांतून विक्रेता कारखानदाराला आधी दिलेले 500 रुपये वजा करतो आणि उरलेले 100 रुपये सरकारात भरतो. सरकारला एकूण 600 रुपये मिळाले. त्यांपैकी कारखानदाराच्या किंवा विक्रेत्याच्या पदरचा एक पैसाही गेला नाही. सगळे 600 रुपये दिले ते शेतकऱ्याने. कारण साखळीतला शेवटचा ग्राहक तोच आणि वजावट मागण्याची सोय त्याच्यापाशी नाही.

म्हणजे शेतकऱ्याचे नाव कोणत्याही करदात्यांच्या यादीत नसले, तरी खताची गोणी, औषधाची बाटली, पाइप आणि ट्रॅक्टर विकत घेताना तो कर देतच असतो. रासायनिक खतांवर 5 टक्के आणि रासायनिक कीटकनाशकांवर 18 टक्के असा हा दर आहे. ज्याने कर दिला त्याला त्याचा पुरावा मागण्याचा अधिकार आहे, ही गोष्ट एकदा ध्यानात आली म्हणजे पुढचे गैरसमज आपोआप सुटू लागतात.

गैरसमज दुसरा : बिल घेतले नाही तर कर वाचतो

"बिल पाहिजे असेल तर इतके, नको असेल तर इतके," अशी भाषा काही दुकानांतून बोलली जाते आणि चार पैसे वाचतात म्हणून शेतकरी बिलाचा आग्रह सोडतो. वरच्या उदाहरणाकडे पुन्हा पाहावे. कारखानदाराकडे 500 रुपये कर अगोदरच दिला गेलेला असतो व तो मालाच्या खरेदीतच पडलेला असतो. बिल न दिल्याने लपते ती विक्रेत्याची विक्री. आणि त्यात होणारी बचत शेतकऱ्याला पूर्ण मिळेल याची काहीही शाश्वती नसते. उलट त्याच्या हातून जे जाते ते फार मोलाचे असते.

बियाणे उगवले नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करावयाची असते. त्या वेळी पहिला प्रश्न विचारला जातो तो बिलाचा. पिशवी, तिच्यावरचे लेबल, थोडे शिल्लक बियाणे आणि गट क्रमांक, म्हणजे लॉट नंबर, नोंदलेले बिल, एवढी सामग्री असेल तर तक्रारीला आधार मिळतो. बिल नसेल तर हे बियाणे याच दुकानातून घेतले, हेच सिद्ध करणे कठीण होऊन बसते. एका हंगामाचे पीक आणि शंभर-दोनशे रुपयांची बचत यांची तुलना ज्याने त्याने करून पाहावी. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागतानाही खरेदीचा पुरावा हाच पाया असतो. ठिबक व तुषार संचाच्या अनुदानासाठी तर बिल सादर केल्याखेरीज प्रकरण पुढे सरकत नाही.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. पेरणीच्या बियाण्यांवर जीएसटी नाही. 'कर नाही, मग बिल कशाला?' असा प्रश्न त्यामुळे पुष्कळांच्या मनात येतो. परंतु बिल हे केवळ कराचे कागदपत्र नव्हे. 1983 च्या बियाणे नियंत्रण आदेशानुसार आणि 1985 च्या खत नियंत्रण आदेशानुसार विक्रेत्याने खरेदीदारास रोख किंवा उधारीची पावती देणे बंधनकारक आहे. कर असो वा नसो, बिल मागावयाचेच. जीएसटीखाली नोंदलेल्या व्यापाऱ्याला 200 रुपयांहून कमी रकमेच्या किरकोळ विक्रीवर बिल न देण्याची मुभा आहे. परंतु ग्राहकाने मागितल्यास तेथेही त्याला ते द्यावे लागते.

गैरसमज तिसरा : छापील किमतीवर कर वेगळा

वेष्टनावर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीत सर्व कर समाविष्ट असतात. औषधाच्या डब्यावर 590 रुपये छापले असतील, तर त्यातच 500 रुपये किंमत आणि 18 टक्क्यांप्रमाणे 90 रुपये कर आलेला आहे. 590 वर पुन्हा 18 टक्के मागणे म्हणजे एकाच मालावर दोनदा कर वसूल करणे होय. बिलावर कर वेगळ्या रकान्यात दाखविलेला असतो तो माहितीकरिता. शेवटची बेरीज छापील किमतीपेक्षा अधिक होता कामा नये.

युरियाच्या बाबतीत गोंधळ होण्याचे कारण निराळे आहे. 45 किलोच्या गोणीची सरकारने ठरविलेली किंमत 242 रुपये आहे, असे वर्तमानपत्रांतून वाचावयास मिळते. दुकानात मात्र अधिक पैसे पडतात. 242 रुपये ही किंमत निंबोळी तेलाच्या लेपनाचा आकार व कर वगळून आहे. ते दोन्ही मिळविले म्हणजे गोणी 266 रुपये 50 पैशांच्या घरात जाते. तेवढ्यावरून दुकानदाराला दोष देणे योग्य नव्हे. परंतु गोणीवर छापलेल्या रकमेहून एक रुपयाही अधिक मागितला गेल्यास तक्रार करण्यास कचरू नये.

गैरसमज चौथा : माल विकणाऱ्या शेतकऱ्यालाही नंबर घ्यावा लागतो

कर नोंदणीचा क्रमांक नसेल तर माल घेणार नाही, असे कोणी सांगितले की शेतकरी घाबरतो. कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. स्वतःच्या अंगमेहनतीने, कुटुंबातील माणसांच्या श्रमाने, किंवा स्वतःच्या अथवा कुटुंबीयांच्या देखरेखीखाली मजूर लावून जमीन कसणारी व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब यांस शेतकरी मानले आहे. आणि जमिनीच्या लागवडीतून निघालेला माल विकण्यापुरती त्याला नोंदणीची आवश्यकता नाही. मग ती विक्री कितीही रकमेची असो.

बेदाण्यासंबंधी हा प्रश्न काही काळ घोळत राहिला होता. द्राक्षे ताजी विकली तर शेतमाल, पण वाळवून बेदाणा केला तर काय, अशी शंका होती. 21 डिसेंबर 2024 रोजी जीएसटी परिषदेच्या बैठकीत आणि त्यानंतर फेब्रुवारी 2025 च्या परिपत्रकाने याचा खुलासा झाला: शेतकऱ्याने स्वतः विकलेल्या बेदाण्यावर हा कर देय नाही. तासगाव, सोलापूर आणि नाशिक भागांतील बागायतदारांनी हा खुलासा जपून ठेवावा.

शेतकरी उत्पादक कंपनीची गोष्ट मात्र वेगळी आहे. कंपनी ही शेतकऱ्यांची असली, तरी कायद्याच्या व्याख्येत ती 'शेतकरी' नव्हे. ती केवळ करमुक्त मालाचा व्यवहार करीत असेल तर नोंदणी लागत नाही. पण करपात्र माल विकू लागली आणि वर्षाची उलाढाल 40 लाख रुपयांवर गेली, की नोंदणी करावी लागते. तांदूळ, डाळ व पीठ सुटे विकल्यास कर नाही. परंतु 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या छापील लेबलाच्या बंद पिशवीतून विकल्यास 5 टक्के कर लागतो. बचत गटांनी व उत्पादक कंपन्यांनी पिशव्या छापून घेण्यापूर्वीच याचा हिशेब करणे श्रेयस्कर होय.

गैरसमज पाचवा : कापसावरील कर शेतकऱ्याच्या भावातून कापावयाचा असतो

हा गैरसमज सर्वांत महाग पडणारा आहे. कापूस हा असा शेतमाल आहे की, शेतकऱ्याकडून नोंदणीकृत व्यापाऱ्याने किंवा जिनिंगवाल्याने तो विकत घेतला म्हणजे त्यावर कर लागतो. 15 नोव्हेंबर 2017 पासून ही व्यवस्था आहे. परंतु हा कर विकणाऱ्याने नव्हे, घेणाऱ्याने भरावयाचा असतो. याला उलट आकारणी म्हणतात.

समजा, एका शेतकऱ्याने 20 क्विंटल कापूस 7,000 रुपये भावाने विकला. त्याचे 1,40,000 रुपये झाले. यावर 5 टक्क्यांप्रमाणे 7,000 रुपये कर खरेदीदाराने आपल्या नावाने सरकारात भरावयाचा आहे. पुढे सरकी काढून रुई विकताना तो तिच्यावर कर आकारतो, तेव्हा हे 7,000 रुपये त्याला वजा मिळतात. म्हणजे त्याचाही भार कायमचा नाही. काही दिवस रक्कम गुंतून राहते, एवढेच. अशा स्थितीत "जीएसटीमुळे 5 टक्के कापले" असे सांगून शेतकऱ्याच्या हातावर 1,33,000 रुपये ठेवले गेले, तर ती कपात कराची नव्हे. ज्याचा कर त्याने भरला नाहीच, शिवाय तो पुढे वजाही करून घेतला, असा तो प्रकार होतो. शेतकऱ्याने हिशेबपट्टी लेखी मागावी, कपात कोणत्या नावाखाली दाखविली आहे ते वाचावे आणि कराच्या नावाची कपात असल्यास बाजार समितीकडे लेखी हरकत नोंदवावी. हमाली, तोलाई यांसारखे खर्च निराळे. त्यांना कर म्हणता येत नाही आणि कराला त्यांच्या आड लपविताही येत नाही.

गैरसमज सहावा : परराज्यातून आणलेल्या मालाला कर नाही

सीमेलगतच्या तालुक्यांतून हा समज विशेष आढळतो. पूर्वी प्रत्येक राज्याचे दर निरनिराळे होते व बाहेरून आणलेल्या ठराविक मालावर प्रवेशकर बसविला जाई. आता राज्यातील खरेदीवर अर्धा कर केंद्राचा व अर्धा राज्याचा असतो, तर परराज्यातून माल पाठविला गेल्यास तेवढ्याच दराचा एकत्रित कर लागतो आणि त्यातील राज्याचा वाटा माल जेथे वापरला जाणार त्या राज्याकडे येतो. दर सारखाच असल्याने करात बचत अशी होत नाही. खरोखर वस्तू स्वस्त मिळत असेल तर ती अवश्य घ्यावी; परंतु 'कराशिवाय देतो' असे कोणी सांगत असेल, तर तो कर वाचवीत नसून बिल वाचवीत आहे, असे समजावे. दुरुस्ती किंवा तक्रार यांसाठी त्याच्या दारी पुन्हा परराज्यात जावे लागेल, याचाही विचार करावा.

गैरसमज सातवा : बिलावर कर लिहिला म्हणजे तो सरकारात गेलाच

कर आकारण्याचा अधिकार प्रत्येक दुकानदाराला नसतो. ज्याची नोंदणी नाही त्याला कर घेता येत नाही. दीड कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असणारे काही व्यापारी आपसमेळ योजनेत, म्हणजे कंपोझिशनमध्ये, असतात. ते आपल्या उलाढालीवर ठराविक टक्के रक्कम स्वतः भरतात. त्यांना ग्राहकाकडून वेगळा कर घेण्यास मनाई आहे आणि तसे बिलावर लिहिणेही त्यांच्यावर बंधनकारक आहे.

नोंदणी क्रमांक 15 अंकाक्षरांचा असतो. त्यातील पहिले दोन अंक राज्याचे असतात: महाराष्ट्राचे 27, गोव्याचे 30. पुढची दहा अंकाक्षरे म्हणजे व्यापाऱ्याचा पॅन क्रमांक. हा क्रमांक जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर घातला की दुकानाचे नाव, नोंदणी चालू आहे की रद्द झाली आणि व्यापारी कोणत्या योजनेत आहे, हे कोणालाही पाहता येते. ज्याच्यापाशी मोबाइल आहे अशा गावपातळीवरील कोणत्याही कार्यकर्त्याला हे दोन मिनिटांचे काम आहे.

गैरसमज आठवा : दर कमी झाले, पण आपल्याला त्याचे काय?

22 सप्टेंबर 2025 पासून शेतीच्या अनेक साधनांवरील दर उतरले. ट्रॅक्टरवरील कर 12 टक्क्यांवरून 5 वर आला. ट्रॅक्टरचे टायर, ट्यूब व सुटे भाग यांवरील 18 वरून 5 वर. ठिबक व तुषार संच, सूक्ष्म अन्नद्रव्ये आणि ठराविक जैविक कीडनाशके यांवरील 12 वरून 5 वर. करापूर्वी 5 लाख रुपये किंमत असलेल्या ट्रॅक्टरवर पूर्वी 60,000 रुपये कर पडत असे. आता 25,000 पडतो. हा 35,000 रुपयांचा फरक शेतकऱ्याच्या पदरात पडला की मधल्यामध्ये जिरला, हे कळण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे बिलावरील मूळ किंमत, कराचा दर व कराची रक्कम हे तीन आकडे वाचणे. त्या तारखेपूर्वी पुरी झालेल्या खरेदीवरील फरक मात्र परत मिळत नाही.

शेतीकामासाठी भाड्याने दिलेल्या अवजारांवर कर नाही, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. शेजाऱ्याची नांगरट किंवा मळणी करून देणाऱ्या यंत्रधारकाने कराच्या नावाने जादा रक्कम मागण्याचे कारण नाही. तेच यंत्र घराच्या पायाखुदाईसाठी दिले, तर ही सूट लागू होत नाही. तथापि सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाख रुपयांच्या आत असेल तर त्याला नोंदणी लागत नाही व कर आकारण्याचा प्रश्नही येत नाही.

कार्यकर्त्यांचे कर्तव्य

या सर्व विवेचनाचे सार असे की, शेतकरी हा खरेदी करताना साखळीतला शेवटचा ग्राहक असतो आणि विक्री करताना पहिला विक्रेता असतो. खरेदीच्या वेळी कर त्याच्यावर येऊन थांबतो. विक्रीच्या वेळी तो त्याच्यावर मुळीच नसतो. या दोन वाक्यांची गफलत झाली की दोन्ही बाजूंनी नुकसान होते: जेथे कर दिला तेथे तो पुरावा मागत नाही, आणि जेथे देणे नाही तेथे तो कपात मान्य करतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी खरिपाच्या खरेदीपूर्वीच्या सभेत एखादे खरे बिल हातात घेऊन त्यातील नोंदणी क्रमांक, गट क्रमांक, दर व रक्कम कोठे असते ते सर्वांना दाखवावे. कापूस बाजारात येण्याच्या सुमारास हिशेबपट्टी अशीच वाचून दाखवावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या मुलामुलींकडून ती वाचून घेण्याची सवय लावावी. बियाण्याचे बिल आणि पिशवी निदान पीक घरात येईपर्यंत, व यंत्राचे बिल यंत्र असेतोपर्यंत, एका पिशवीत घालून जपून ठेवण्याचा परिपाठ घरोघर पडला, तर त्याचा उपयोग अडचणीच्या दिवशी दिसून येईल. शेतकरी कर देतो आहेच. त्याच्याबरोबर जे हक्क येतात तेही त्याने पदरात पाडून घ्यावेत.